शेतात ठेवायचा ब्रूडर: बॉबव्हाइट परत आणण्यासाठी घ्यावा का?

बॉबव्हाइट हा अमेरिकेतला लाव्यासारखा पक्षी. १९६० च्या दशकापासून त्याची संख्या ८० टक्क्यांहून जास्त घटली, म्हणून जमीनमालक हा ब्रूडर, म्हणजे पिल्लं उबेत वाढवायची पेटी, घेतात. बंद पेटी, गॅसचा हीटर, खाद्याचा डबा, पाण्याची टाकी, जाळीचा तळ. एक दिवसाची सव्वाशे पिल्लं आत सोडायची आणि पाच आठवड्यांनी दार उघडायचं. माणूस फारसा दिसत नसल्याने पिल्लं रानटीच राहतात, असा दावा.

पिल्लं वाढवायला पेटी चांगली आहे. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खाद्यात प्रथिनं २८ टक्के हवीत, कोंबडीच्या पिल्लांचं साधं खाद्य कमी पडतं. बिघाड बहुतेक गॅसचाच. बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतो, ज्योत विझते, आणि गारठलेली पिल्लं रात्री कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. आठवड्यातून एकदा फेरी मारून भागत नाही, रोज संध्याकाळी ज्योत बघा. पेटीवर दुपारची सावली हवी, आणि रकून (मांजराहून थोडा मोठा शिकारी प्राणी) व गुरं लांब ठेवायला भोवती विजेचं कुंपण.

खरी रड दार उघडल्यानंतरची. रानातलं पिल्लू पहिले दोन आठवडे आईबापांमागे किडे टिपत फिरतं. ससाणा दिसला की दबायचं कुठे, रात्री थव्याने बसायचं कसं, हे तिथेच शिकतं. पेटीतल्याला खाद्याचा डबा तेवढा ठाऊक. पायात ओळखीच्या पट्ट्या आणि माग काढायचे रेडिओ लावून केलेल्या अभ्यासांत सोडलेले पक्षी बहुतेक काही आठवड्यांतच मेलेले आढळले. पुढच्या वर्षी अंडी घालायला जवळजवळ कोणी उरत नाही.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. सोपं भक्ष्य मिळालं की शिकारी पक्षी-प्राणी तिथेच घिरट्या घालतात आणि रानातले थवेही त्यांच्या तावडीत येतात. पक्ष्यांची देवी, मायकोप्लाझ्मा (जिवाणूंचा संसर्ग) असे आजार फार्ममधून रानात जाऊ शकतात. याच पेटीत फेझंट हे कोंबडीच्या कुळातले शिकारीचे पक्षीही वाढवतात, ते तर अमेरिकेत परदेशी. इलिनॉयमध्ये रानात स्थिरावलेल्या फेझंट माद्या प्रेअरी चिकन या तिथल्या गवताळ रानातल्या पक्ष्याच्या घरट्यात अंडी घालतात. ती एक-दोन दिवस आधी फुटतात, प्रेअरी चिकनची मादी त्या पिल्लांबरोबर निघून जाते आणि तिची स्वतःची अंडी तशीच राहतात.

ब्रूडर म्हणून पाचपैकी चार, रानातली संख्या वाढवायला शून्य. पैसे जमिनीवर घाला: पाइनची झाडं विरळ करा, दर वर्षी निम्मी जमीन आलटूनपालटून नियंत्रितपणे जाळा, गवताच्या झुबक्यांमध्ये पिल्लांना धावायला मोकळी माती ठेवा. हे करूनही पक्षी आले नाहीत, तर फ्लोरिडातल्या टॉल टिंबर्ससारख्या संस्था रानातलेच पक्षी पकडून स्थलांतरित करतात. शिकारी कुत्र्यांच्या सरावासाठी पेटी हवीच असेल, तर रानटी थवे असलेल्या जमिनीपासून लांब वापरा आणि पिल्लं रोगतपासणीचा दाखला असलेल्या फार्मकडूनच घ्या.