सीएसएफसाठी स्लाइड व्हीडीआरएल, आरपीआर कार्ड की टीपीएचए?

ठाण्यात किंवा वाशी-नेरुळकडे मध्यम आकाराच्या रुग्णालयाची लॅब चालवत असाल, तर ‘सीएसएफ व्हीडीआरएल’, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवात (सीएसएफ) उपदंश (सिफिलिस) शोधायची चाचणी, लिहिलेला फॉर्म क्वचितच समोर येतो, आणि क्वचित येतो म्हणूनच त्याची घडी बसत नाही. त्यातून तीन वाटा निघतात. हाताशी असलेल्या आरपीआर कार्डावर (उपदंशाचीच झटपट चाचणी) थेंब टाकायचा, नमुना बाहेर पाठवायचा, किंवा खरीखुरी स्लाइड व्हीडीआरएल आपल्याच बेंचवर लावायची. टीपीएचए, म्हणजे थेट उपदंशाच्या जंतूविरुद्धची अँटिबॉडी शोधणारी चाचणी, या तिन्हींच्या जोडीला येते, पण तिचं काम वेगळं आहे.

आधी सीरम. रक्तातली टीपीएचए नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर मेंदूतल्या उपदंशासाठी सीएसएफ तपासण्यात सहसा अर्थ नसतो. नुसत्या सीरम आरपीआरवर मात्र थांबू नये, कारण जुन्या, उपचार न झालेल्या आजारात ती बऱ्याच जणांत आपोआप नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह होते, आणि टेबीज किंवा पॅरेसिसचे (मज्जारज्जूत किंवा मेंदूत उशिरा उतरलेल्या उपदंशाचे) रुग्ण नेमके त्याच गटातले असतात.

आरपीआर कार्डाची सोय कुणी नाकारणार नाही. अँटिजेन तयार मिळतं, कोळशाच्या कणांमुळे गुठळी नुसत्या डोळ्यांना दिसते, मायक्रोस्कोप लागत नाही. १०० आरपीएमवर ८ मिनिटं फिरवलं की निकाल हातात. पण हे सगळं बसवलेलं आहे सीरम आणि प्लाझ्मासाठी. सीएसएफमध्ये अँटिबॉडी मुळात विरळ, त्यामुळे कार्डावर खरे रुग्ण व्हीडीआरएलपेक्षा जास्त निसटतात. किटच्या माहितीपत्रकातही सीएसएफ चालत नाही असं बहुधा लिहिलेलं असतं; तो कागद पेटीबरोबर कचऱ्यात जातो, हा भाग वेगळा.

स्लाइड व्हीडीआरएलची कटकट खरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. अँटिजेनमध्ये ०.०३ टक्के कार्डिओलिपिन, ०.२१ टक्के लेसिथिन आणि ०.९ टक्के कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळलेलं असतं, आणि त्याचं सस्पेन्शन त्याच दिवशी करावं लागतं. सपाट बुडाच्या बाटलीत ०.४ मि.ली. बफर्ड सलाइन (पीएच ६.०) घ्यायचं. बाटली टेबलावर गोल फिरवत ठेवून त्यात ०.५ मि.ली. अँटिजेन थेंबथेंब, साधारण ६ सेकंदांत सोडायचं. आणखी १० सेकंद फिरवायचं, मग ४.१ मि.ली. बफर्ड सलाइन घालून झाकण लावायचं आणि १० सेकंदांत तीसेक वेळा हलवायचं. ८ तासांनंतर उरलेलं फेकायचं. बिघडतं ते पहिल्याच पायरीला. कुणी सलाइन अँटिजेनमध्ये ओततं, कुणी अँटिजेन एकदम सोडतं, कुणाचा बाटली फिरवणारा हात थांबतो. मग कण जाडे होतात आणि निगेटिव्ह कंट्रोलही खरबरीत दिसू लागतो. असं सस्पेन्शन जास्त हलवून सुधारत नाही, नवीनच करावं लागतं.

इथपर्यंतचं सीरमलाही लागू आहे. सीएसएफसाठी पुढे एक पायरी असते आणि ती विसरली जाते. या सस्पेन्शनमध्ये तेवढंच १० टक्के सलाइन मिसळायचं, निदान ५ मिनिटं ठेवायचं आणि २ तासांच्या आत वापरायचं. हे सेन्सिटाइज्ड अँटिजेन. ०.९ आणि १० टक्क्यांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या की घोटाळा ठरलेलाच. दहा टक्केवालीला रंगीत पट्टी लावून टाका.

सीएसएफ तापवायचा नाही. सीरमला ५६ अंशांवर ३० मिनिटं इनअ‍ॅक्टिव्हेट करायची सवय असलेला टेक्निशियन सीएसएफची नळीही वॉटरबाथमध्ये ठेवतो, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. सेंट्रिफ्यूज करून वरचा स्वच्छ भाग घ्यायचा. खळगे असलेल्या बोर्नर स्लाइडवर ०.०५ मि.ली. सीएसएफ, त्यावर ०.०१ मि.ली. अँटिजेन. थेंब २१ किंवा २२ गेजच्या सुईने, सुई उभी धरून, मि.ली.मागे १०० थेंब पडतात हे आधी मोजून. १८० आरपीएमवर ८ मिनिटं, वर ओलसर झाकण. सीरमची वेळ ४ मिनिटांची आणि आरपीआरचा वेग १०० चा, त्यामुळे रोटेटर एकच असेल तर वेग आणि टायमर दोन्ही दर वेळी बघूनच सुरू करा. उतरवल्याबरोबर १०० पट मोठं करून वाचायचं. गुठळ्या दिसल्या तर रिअ‍ॅक्टिव्ह, नाहीतर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. सीएसएफमध्ये ‘वीकली रिअ‍ॅक्टिव्ह’ असा मधला शेरा नाही. रिअ‍ॅक्टिव्ह आला तर ०.९ टक्के सलाइनमध्ये १:२, १:४ असं पुढे नेऊन टायटर, म्हणजे कुठवर विरळ करूनही गुठळ्या दिसतात तो आकडा, द्यायचा.

तापमानाकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. चाचणी २३ ते २९ अंशांतली आहे. गारठ्यात प्रतिक्रिया मंदावते, उकाड्यात वाढते. मे महिन्यात एसी बंद पडला की ठाण्यातली कुठलीही खोली २९ च्या वर जाते, आणि एसी जोरात असला की रोटेटरपाशी २३ च्या खाली. भिंतीवरच्या तापमापकावर विसंबू नका, एक रोटेटरशेजारी ठेवा. एसीचा झोत थेट स्लाइडवर येत असेल तर ८ मिनिटांत कडा सुकतात आणि सुकलेली कड गुठळीसारखी दिसते.

अँटिजेन वाया जाणं हाही एक आक्षेप. ०.५ मि.ली. अँटिजेनमधून ५ मि.ली. सस्पेन्शन निघतं, म्हणजे अडीचशे सीरमना पुरेल एवढं, आणि लावायचा असतो एक सीएसएफ. लॅबच्या मालकाला हे बघवत नाही, ते समजण्यासारखं आहे. उपाय म्हणजे आठवड्यातला एक वार ठरवून टाकणं. अँटिबॉडी टिकाऊ असते, नमुना २ ते ८ अंशांवर चार-पाच दिवस सहज राहतो, त्याहून जास्त थांबायचं असेल तर गोठवायचा. पेशींची मोजणी मात्र वारासाठी थांबत नाही. एलपीनंतर (कमरेतून सुईने सीएसएफ काढल्यावर) तासाभरात ती व्हायला हवी, कारण सीएसएफमध्ये पांढऱ्या पेशी फुटत जातात, न्यूट्रोफिल तर फारच झपाट्याने. संध्याकाळी घोडबंदर रोडवरून निघालेली नळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या लॅबमध्ये पोचेपर्यंत तो तास कधीच संपलेला असतो. म्हणून सेरॉलॉजी (अँटिबॉडीच्या चाचण्या) बाहेर पाठवलीत तरी सेल काउंट आणि प्रोटीन घरीच करा.

आता ज्या गोष्टीने माझं मत ठरलं ती. बाहेरून आलेल्या रिपोर्टवर ‘सीएसएफ व्हीडीआरएल: नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ एवढंच असतं. चाचणी स्लाइडवर झाली की आरपीआर कार्डावर, हे त्यावरून कळत नाही. आपल्याकडे फॉर्मवर व्हीडीआरएल आणि पेटीत आरपीआर ही पद्धत इतकी मुरलेली आहे, की विचारल्यावर समोरच्याला प्रश्नच समजत नाही. सीरमला हे एक वेळ चालून जातं. सीएसएफमध्ये स्लाइडवरचा निगेटिव्हसुद्धा आजार पूर्ण नाकारत नाही. तिथे कार्डावरचा निगेटिव्ह व्हीडीआरएलच्या नावाने आला, तर न्यूरॉलॉजिस्ट त्याला आहे त्यापेक्षा जास्त वजन देतो. शिवाय टायटर पद्धतीगणिक बदलतो. आधीचा स्लाइडवरचा १:८ आणि नंतरचा कार्डावरचा १:४ यावरून उपचार लागू पडला असं म्हणता येत नाही. मधल्या काळात रुग्णालयाचा बाहेरच्या लॅबशी असलेला करार बदलला असेल तर बघायलाच नको.

टीपीएचएची गंमत उलटी आहे. सीएसएफ टीपीएचए नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर मेंदूतला उपदंश असण्याची शक्यता फार कमी होते, आणि या कामासाठी ती व्हीडीआरएलपेक्षा नक्कीच उजवी. रिअ‍ॅक्टिव्ह आली तर मात्र हाती फारसं काही लागत नाही. रक्तातलं आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) रक्त आणि मेंदूमधला बॅरिअर ओलांडून थोडंफार झिरपतंच, त्यामुळे वर्षांपूर्वी उपचार पूर्ण झालेल्या माणसाचा सीएसएफही रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकतो. करायची तर प्लेट सेंट्रिफ्यूजच्या टेबलावर ठेवू नका, कंपनांनी चाचणीतल्या लाल पेशींचा तळाशी बसलेला आकार मोडतो. आणि कंट्रोल सेलचा (अँटिजेन न लावलेल्या पेशींचा) खड्डा कधीही वगळू नका. एफटीए-एबीएस या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीच्या दुसऱ्या चाचणीचा स्वभावही असाच, वर फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपचा खर्च. पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून कुणी निश्चिंत होऊ नये.

रक्ताळलेला सीएसएफ कुठल्याच पद्धतीला मानवत नाही. सेंट्रिफ्यूज केल्याने लाल पेशी खाली बसतात, रक्तातून आलेली अँटिबॉडी वरच्या पाण्यातच राहते. सेरॉलॉजीसाठी पहिली नळी देण्याची पद्धत आहे, पण सुई टोचताना रक्त आलं असेल तर सगळ्यात जास्त रक्त त्याच नळीत असतं. सर्वांत स्वच्छ नळी मागून घ्या, आणि रंग लालसर असेल तर तसं रिपोर्टवर लिहा. सीरम टायटर मोठा असताना हे विशेष महत्त्वाचं.

तेव्हा ज्यांच्याकडे असे नमुने वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात, त्यांनी बाहेर पाठवावं. त्यात कमीपणा नाही. फक्त पाठवण्याआधी बोर्नर स्लाइड, १० टक्के सलाइन आणि रोटेटरचा वेग, एवढं विचारावं. उत्तर अडखळत आलं तर तिथे कार्ड वापरतात असं धरून चालायला हरकत नाही. न्यूरॉलॉजी किंवा एचआयव्हीचे रुग्ण नियमित असतील, तर मी स्लाइडच लावेन आणि अँटिजेन वाया जाऊ देईन. सीरमसाठी आरपीआर खुशाल ठेवा. उपचारानंतर क्लिनिकल सुधारणा आणि सीरम आरपीआर समाधानकारक असेल, तर एचआयव्ही नसलेल्या किंवा एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) नीट असलेल्या रुग्णाची एलपी आता सरसकट पुन्हा करत नाहीत. तिथे उपयोग या कार्डाचाच होतो.

रिपोर्ट देताना निकालासमोर पद्धत लिहा: ‘स्लाइड फ्लॉक्युलेशन, मायक्रोस्कोपिक’. त्याच पानावर सेल काउंट आणि प्रोटीन छापा. व्हीडीआरएल नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह असताना पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला ५ च्या वर असतील, तर निदानाचा कौल मेंदूतल्या उपदंशाकडे झुकतो. एचआयव्ही असेल तर हा आकडा २० धरतात, कारण एचआयव्ही स्वतःच पेशी वाढवतो. म्हणून फॉर्मवर एचआयव्हीचा रकाना रिकामा आला तर काउंटचा अर्थ लावण्याआधी वॉर्डात फोन करून विचारून घ्या.