बोरियामाल टापूच्या नावाखाली 22,800 रुपये उकळले, तुम्ही सावध राहा

इंदूरच्या आपल्या मंडळींनी हे नीट वाचा. खंडवा जिल्ह्यातल्या हनुवंतियाजवळच्या, धरणाच्या पाण्यातल्या बोरियामाल टापूवर ट्रेक आणि तंबूत एक रात्र, असं सांगून माझ्याकडून 22,800 रुपये काढले. माणशी 2,850 प्रमाणे सहा जणांचे 17,100. मग तंबूचं ‘परत मिळणारं’ डिपॉझिट 3,000. निघायच्या आदल्या संध्याकाळी वनखात्याच्या परवानगीचे म्हणून आणखी 2,700. भाड्याच्या गाडीचे 8,500 वेगळेच. सरकारी परवानगीचे पैसे कुणी खासगी खात्यावर मागितले, तर फोन तिथेच ठेवा.

पोस्टर, ‘शेवटच्या चार जागा’, क्यूआर कोड, ही पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे, मलाही होती. पण हा बुकिंग घेणारा मराठी बोलत होता, आणि आपली इंदुरी मराठी. “काका, मी लोकमान्यनगरचाच, चिंता नका करू.” पोस्टर ओळखीच्या ग्रुपवर आलेलं, खाली शिकल्या-सवरलेल्या लोकांचे अंगठे. अशा वेळी कोण संशय घेईल? शिवाय जागा खरी आहे. 2016 पासून हनुवंतियाला जल महोत्सव भरतो, तंबू लागतात, बोरियामालवर लोक चढायला जातात.

माझ्या आत्याचं घर हरसूदला होतं. 2004 साली ते गाव याच इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात गेलं. हे मी त्याला बोलता बोलता सांगितलं, तर म्हणाला, “काका, गाईड तुम्हाला हरसूदच्या बाजूचं पाणी दाखवेल.” पैशांपेक्षा हे वाक्य जास्त झोंबतं.

आणि ती पीडीएफ! दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमात लिहिलं होतं, ‘सकाळी बोरियामालहून नावेने सैलानी टापू, तिथे नाश्ता.’ अहो, बोरियामाल इंदिरा सागरच्या पाण्यात आणि सैलानी खाली ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यात. मध्ये पुनासाला धरणाची अख्खी भिंत उभी आहे. नाव जाणार कुठून? ओंकारेश्वरला मी लहानपणापासून जातोय. ती ओळ मी वाचली, घरात मोठ्यानं वाचूनही दाखवली, तिथेच हात थांबायला हवा होता. पण रात्रीचे अकरा वाजलेले, साडूंचा दुसऱ्या फोनवर तगादा, आणि हा “दहा मिनिटांत जागा जाईल” म्हणून डोक्यावर बसलेला. कोड स्कॅन केल्यावर भलत्याच बाईचं नाव आलं, तेही मी विचारलं. “आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, काका.” डोळे मिटून पैसे दिलेले नाहीत मी. तुम्ही मात्र नाव जुळलं नाही तर एक रुपयाही पाठवू नका.

सनावद, पुनासा, मुंदी करत पोचलो, तर धक्क्यावर कुणी नाही आणि त्याचा फोन बंद. नाववाल्यानं सांगितलं, या नावाचं बुकिंगच नाही.

तिथल्या ठाण्यात म्हणाले, पैसे इंदूरहून गेले, इंदूरला जा. इंदूरच्या ठाण्यात म्हणाले, मामला खंडवा जिल्ह्याचा, तिकडे जा. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्यानं तक्रार नोंदवायला हवी. हे मी सांगितलं, तर समोरचा विचारतो, “वकील हो क्या?” वर ऐकवतो, “पैसा तो अपनी मर्जी से दिया ना?” मग फसवणूक म्हणजे दुसरं काय असतं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 कशासाठी आहे? दुपारभर बाकावर बसवलं आणि साध्या कागदावर अर्ज घेऊन घरी पाठवलं. पोच मागितली तर, “साहब आएंगे तब.” बँकेत त्याहून वाईट. “पिन आपनेच टाकला ना?” हे त्या मुलीनं सगळ्या रांगेसमोर विचारलं. साठीच्या माणसाशी बोलायची ही रीत?

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लगेच करा, रस्त्यात असाल तर रस्त्यातूनच, घरी पोचायची वाट बघू नका. तोवर पैसा दोन-तीन खाती पुढे गेलेला असतो. चॅट पुसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक आयोगात आपल्याच शहरात तक्रार करता येते. मीही करतोय, पण त्यासाठी समोरच्याचा पत्ता लागतो आणि तो शोधायला ठाण्यात कुणी तयार नाही.

परवा तेच पोस्टर दुसऱ्या ग्रुपवर आलंय. नंबर नवा, भाव माणशी 3,200, पीडीएफमध्ये सैलानीचा नाश्ता तसाच. तुमच्याकडे आलं असेल तर स्क्रीनशॉट ठेवा आणि ॲडमिनला आजच फोन करा.