वॉरंटीतील दुरुस्तीचे बिल: कंपनीकडे दाद मागावी की ग्राहक आयोगाकडे?

माझ्या गाडीची तीन वर्षांची वॉरंटी संपायला चार महिने बाकी असताना स्टीअरिंग रॅकमधून (स्टीअरिंगचे वळण चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या भागातून) खडखड आवाज येऊ लागला आणि सर्व्हिस सेंटरने 24,600 रुपयांचे एस्टिमेट हातात ठेवले. रॅकमध्ये पाणी शिरून गंज धरला आहे आणि हे बाहेरचे कारण असल्यामुळे वॉरंटीत बसत नाही, एवढेच तेथील सर्व्हिस अॅडव्हायझर तोंडी सांगत होते. अशा वेळी गाडीमालकापुढे दोन मार्ग असतात: उत्पादक कंपनीकडे लेखी पाठपुरावा करणे किंवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणे.

मात्र दोहोंच्या आधी काउंटरवरचा निर्णय घ्यावा लागतो. बिल न भरता गाडी मागितली तर ती मिळेलच असे नाही, कारण 1872 च्या भारतीय करार कायद्यातील कलम 170 नुसार दुरुस्ती करणाऱ्याला केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू आपल्या ताब्यात ठेवता येते. म्हणून गाडीची निकड असेल, तर बिलाच्या प्रतीवर ‘हरकत राखून रक्कम भरली’ असे लिहून पैसे भरावेत, त्याच दिवशी तसा ईमेल पाठवावा आणि वॉरंटी नाकारल्याचे कारण लेखी मागावे. पैसे आपण भरले असतील, तर काढलेला जुना पार्टही आग्रहाने मागून घ्यावा. मी रॅक गोणीत घालून घरी आणला आणि उजेडात पाहिला, तेव्हा त्यावरचा रबरी बूट, म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ न देणारे घड्यांचे आवरण, घडीच्या रेषेत फाटलेला दिसला. दगड लागल्याचा किंवा काही घासल्याचा वण कोठेही नव्हता. पाणी शिरले हे खरेच होते, परंतु ते ज्या रबरातून शिरले, ते रबरच वॉरंटीच्या मुदतीत फाटले होते, आणि वादाचा सारा रोख याच मुद्द्यावर हवा होता.

कंपनीकडचा मार्ग बिनखर्चाचा असून काही आठवड्यांत निकाली निघू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंदवलेली तक्रारही कंपनीपर्यंत पोहोचवली जाते, पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. कंपनी बहुधा ‘गुडविल’ म्हणून खर्चाचा काही वाटा उचलते. मला पाच आठवड्यांनी पार्टची पूर्ण किंमत परत मिळाली आणि 3,800 रुपयांची मजुरी माझ्याकडे राहिली. मला ते मान्य झाले. अशा देकाराच्या पत्रात ‘कोणतीही तक्रार शिल्लक नाही’ असे वाक्य असल्यास सही करण्यापूर्वी नीट विचार करावा, कारण त्या सहीनंतर आयोगात उभे राहणे फार अवघड होते.

आयोगाचा मार्ग लांबचा आहे, पण तेथे मिळणारा आदेश कंपनीला पाळावा लागतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावणे सक्तीचे नाही आणि दिलेला मोबदला, म्हणजे वस्तू किंवा सेवेसाठी आपण मोजलेली किंमत, 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. 5 ते 10 लाखांसाठी ते 200 रुपये आहे. तक्रार तीन महिन्यांत आणि पार्टची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा म्हणतो, परंतु प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक काळ धरून चालावे. दोषाचे कारण वादात असेल, तर आयोग पार्ट प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि जपून ठेवलेला जुना पार्ट तेव्हाच कामी येतो.

प्रतिपक्ष ठरवतानाही काळजी घ्यावी. गोव्यातील एका ग्राहकाला 2011 चे म्हणून 2009 चे मॉडेल विकले गेले होते. त्या प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या कृत्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यास नकार दिला, कारण उत्पादकाला त्याची माहिती असल्याचे सिद्ध झाले नव्हते. त्यामुळे डीलर आणि कंपनी या दोघांना पक्षकार करावे आणि पार्टमधला दोष कोणाचा व चुकीची आकारणी कोणाची, हे तक्रारीत वेगवेगळे मांडावे.

रक्कम वीस-पंचवीस हजारांच्या आत असेल आणि बिघाड पहिलाच असेल, तर मी आधी कंपनीकडेच जाण्याचा सल्ला देईन. तोच पार्ट दुसऱ्यांदा गेला, इंजिन किंवा गिअरबॉक्सचे मोठे बिल आले किंवा नकाराचे कारण लेखी द्यायलाच टाळाटाळ झाली, तर आयोगात जाण्यास उशीर करू नये. तक्रारीची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही.