स्प्रेडशीटमधील ‘चार्ट’ची सोय : हात सढळ, मार्गदर्शन अपुरे

अहवाल तयार करण्यासाठी मी गेली अनेक वर्षे एकच स्प्रेडशीट प्रोग्राम वापरतो आणि त्यातील ‘चार्ट’ या सोयीशी माझा रोजचा संबंध येतो. रकाने निवडून बटण दाबले की क्षणात आलेख उभा राहतो, आणि आकडा बदलला की आलेखही आपोआप बदलतो. आलेखकागदावर पट्टी-पेन्सिलीने स्तंभ काढलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. माझा आक्षेप आहे तो या सोयीच्या मांडणीवर. आलेखांचे प्रकार येथे लहान लहान चित्रांच्या रूपाने समोर येतात आणि वापरणारा डोळ्यांत भरेल ते चित्र उचलतो. आकड्यांमधून नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हा प्रश्न मात्र त्याला कोठेच विचारला जात नाही. ‘सुचवलेले चार्ट’ हे बटणही रकान्यांची रचना पाहून अंदाज बांधते, आपला हेतू त्याला कळत नाही.

स्तंभालेख आणि रेषालेख हे यादीतील पहिले दोन प्रकार, आणि बहुतेक कामे त्यांच्यावरच भागतात. वेगवेगळ्या गटांची तुलना करायची असेल तर स्तंभालेख आणि काळानुसार होणारा बदल दाखवायचा असेल तर रेषालेख, एवढी खूणगाठ बांधली तरी पुरते. गटांची नावे लांबलचक असतील तर स्तंभ आडवे घ्यावेत, म्हणजे मान वाकडी न करता ती वाचता येतात. स्तंभालेखाचा उभा अक्ष मात्र शून्यापासूनच सुरू व्हायला हवा, कारण वाचक स्तंभांच्या लांबीची तुलना करत असतो. ९६ आणि ९८ हे दोन आकडे ९५ पासून सुरू होणाऱ्या अक्षावर मांडले तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो, प्रत्यक्षात फरक जेमतेम दोन टक्क्यांचा असतो. मी वापरतो तो प्रोग्राम कधी कधी अक्षाचा आरंभबिंदू परस्पर ठरवतो, म्हणून प्रत्येक वेळी तो तपासून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. रेषालेखाला ही अट इतकी कडक लागू होत नाही, कारण तेथे आपण रेषेचा चढउतार वाचतो.

वृत्तालेखाविषयी, म्हणजे वर्तुळाचे भाग पाडून दाखवणाऱ्या ‘पाय चार्ट’विषयी, थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याचा सर्वाधिक गैरवापर मी पाहिला आहे. स्तंभालेख आणि रेषालेख आकडेवारीसाठी रूढ करणाऱ्या विल्यम प्लेफेअर यांनीच १८०१ मध्ये वृत्तालेखही वापरला, आणि तो आजही लोकांना सर्वांत ओळखीचा वाटतो. परंतु क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की समान अक्षावरील स्थान माणूस जितक्या अचूकपणे ओळखतो तितका अचूक अंदाज त्याला कोनांचा बांधता येत नाही. त्यामुळे एका पूर्णाचे दोन-तीन भाग असतील आणि त्यांतील एक ठळकपणे मोठा असेल, तरच वृत्तालेख घ्यावा; आठ-दहा भाग असतील तर उतरत्या क्रमाने लावलेले आडवे स्तंभ केव्हाही सरस ठरतात. त्रिमितीय वृत्तालेख तर यादीतून काढूनच टाकावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिरक्या कोनामुळे पुढचा भाग आहे त्याहून मोठा दिसतो आणि वाचकाची दिशाभूल होते.

विभाजित स्तंभालेखात, म्हणजे एकाच स्तंभात घटक एकावर एक रचलेल्या आलेखात, सर्वांत खालचा भाग तेवढा समान पायावर उभा असतो, म्हणून ज्या घटकाची तुलना महत्त्वाची आहे तो खाली ठेवावा. आयतालेख दिसायला स्तंभालेखासारखाच असला तरी त्याचे काम अगदी वेगळे आहे. एकाच राशीच्या किमती कोणकोणत्या वर्गांत किती वेळा येतात, हे तो दाखवतो. प्रोग्रामने परस्पर ठरवलेली वर्गांची रुंदी मी दोन-तीनदा बदलून पाहतो, कारण फार रुंद वर्गांत दोन वेगळी शिखरे एकमेकांत मिसळून नाहीशी होऊ शकतात.

विखुरलेल्या बिंदूंचा स्कॅटर चार्ट मात्र यादीत पार तळाशी आहे आणि याची मला खरोखर खंत वाटते. दोन राशींमधील संबंध पाहण्यासाठी त्याच्याइतके थेट साधन नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम्ब यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांत एका राशीची सरासरी ९, दुसरीची सुमारे ७.५ आणि सहसंबंध गुणांक (दोन राशी सरळ रेषेत किती जुळून बदलतात याचे -१ ते १ मधील माप) सुमारे ०.८१६ येतो. पण बिंदू काढून पाहिले की एका संचात साधारण सरळ कल दिसतो, दुसऱ्यात वक्ररेषा, तिसऱ्यात सरळ रेषेपासून दूर पडलेला एक बिंदू, आणि चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत असून सगळा सहसंबंध उरलेल्या एकट्या बिंदूमुळे निर्माण झालेला. म्हणून दोन रकान्यांची सरासरी किंवा सहसंबंध अहवालात लिहिण्यापूर्वी मी यादीच्या तळाशी जाऊन हा चार्ट आधी काढतो, मग अंतिम अहवालात तो ठेवायचा असो वा नसो.