एकाच विषयावरच्या बारा इंची गोधड्या: आत भराव कोणता घालावा?

गटानं एक विषय ठरवला आणि प्रत्येकीनं छोटी गोधडी करायची म्हटलं, की सगळी चर्चा रंगांची आणि कापडाची होते. भरावाचं, म्हणजे वरच्या आणि मागच्या कापडाच्या मधे जाणाऱ्या थराचं, कोणी बोलत नाही. ज्याच्या हाताशी जो असेल तो आत जातो. मग सगळ्या गोधड्या एका भिंतीवर ओळीनं टांगल्या की एक फुगलेली दिसते, दुसरीचे कोपरे आत वळतात, तिसरी मलूल लोंबते. अंथरायच्या-पांघरायच्या गोधडीत हे खपून जातं. बारा इंचांत लपायला जागाच नसते. म्हणून इथं भराव फक्त एका कामासाठी जोखले आहेत: १२ × १२ इंच, भिंतीवर टांगायची आणि सहसा न धुवायची गोधडी. हे माप बाहेरही रुळलेलं आहे. १९८९ साली स्थापन झालेली ‘स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स’ ही संस्था दरवर्षी मदतनिधीसाठी लिलाव करते, त्यातल्या कलाकृती नेमक्या याच मापाच्या असतात.

आमची पहिली पसंती हॉब्स कंपनीच्या ‘एअरलूम ८०/२०’ला. ८० टक्के सुती आणि २० टक्के पॉलिस्टर असा हा मिश्र भराव. सुतामुळे वरचं कापड त्याला धरून राहतं, सरकत नाही. पॉलिस्टरमुळे टाक्यांच्या मधला भाग किंचित उठून दिसतो. टाक्यांच्या दोन ओळींत चार इंचांपर्यंत अंतर चालतं, म्हणजे बारा इंचांत मोकळी जागा सोडायची मुभा राहते. हातानं टाके घालणाऱ्यांनाही सुई सहज जाते, कारण आत जाळीचा थर नाही.

गटाच्या दृष्टीनं याचा खरा फायदा हिशेबात आहे. लहान मुलांच्या गोधडीसाठीचं पॅक ४५ × ६० इंचांचं असतं. त्यातून १४ इंची चौकोन रुंदीत तीन आणि लांबीत चार, असे बरोबर १२ निघतात. बारा जणींनी वर्गणी काढून एकच पॅक आणलं तर खर्च वाटला जातो आणि भिंतीवरच्या सगळ्या गोधड्यांची जाडी एक होते. भराव १४ इंच, वरचं कापड १३, मागचं १५ आणि शिवून झाल्यावर सगळं छाटून १२, हे माप धरा. वरचं कापड आधीच १२ इंच कापलं तर फसगत होते: टाके दाट पडले की कापड आत ओढलं जातं आणि पाव ते अर्धा इंच सहज कमी भरतो. पॅक उघडल्यावर लगेच कापू नका. घड्यांच्या रेषा राहतात, त्या वरून दिसतात. रात्रभर पसरून ठेवा, नाहीतर पातळ सुती कापड टाकून वाफ द्या.

‘वॉर्म अँड नॅचरल’ या भरावात सुती तंतू एका पातळ कृत्रिम जाळीवर सुयांनी ठोकून बसवलेले असतात. गोंद किंवा राळ नसते, आणि टाक्यांमध्ये दहा इंचांपर्यंत अंतर चालतं. हा सपाट बसतो आणि कडा सरळ राहतात. मशीनवर शिवणाऱ्यांना तो जास्त आवडेल. जाळीची बाजू मागच्या कापडाकडे ठेवा. हातशिलाईला मात्र ती जाळी बोटांना जाणवते. आत सरकीच्या सालीचे तपकिरी कण असतात. पांढऱ्या मलमलीखाली ते डोकावतात, तेव्हा फिकट कापड असेल तर त्याच कंपनीचा ‘वॉर्म अँड व्हाइट’ घ्यावा. ८०/२० आणि ‘वॉर्म अँड नॅचरल’ हे दोन्ही भराव धुतल्यावर तीन ते पाच टक्के आटतात, म्हणजे बारा इंचांत जवळजवळ अर्धा इंच. टांगायच्या गोधडीला हे आड येत नाही. कोणी भेट म्हणून देणार असेल आणि पुढे ती धुतली जाणार असेल, तर वरचं कापड आधी धुऊन घ्यावं की नाही हे त्यावर ठरतं: सुरकुतलेलं जुनं रूप हवं असेल तर नको, सपाट हवं असेल तर जरूर.

आपल्याकडच्या बाजारात मीटरवर सहज मिळतो तो पॉलिस्टरचा भराव. स्वस्त आणि हलका. १०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) घेतला तर बारा इंचांत चालून जातो. २०० जीएसएम नकोच, कडेची पट्टी त्यावर नीट वळत नाही आणि कोपरे जाड होतात. याचे दोन त्रास आहेत. गरम इस्त्री लागली की तो जागच्या जागी चपटा होतो आणि पुन्हा उठत नाही, म्हणून थर जोडल्यावर इस्त्री फिरवायची नाही. दुसरं, त्याचे गुळगुळीत तंतू सुईच्या भोकांतून आणि विरळ विणीतून वर येतात. काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर ती पांढरी लव लगेच दिसते, उपटली तर आणखी येते. गडद विषयासाठी हा भराव टाळा, किंवा वरच्या कापडाखाली काळ्या मलमलीचा एक थर घाला. ८०/२० काळ्या रंगातही मिळतो. ‘रात्र’ असा विषय असेल तर तोच मागवावा.

आता घरातला भराव, जुन्या सुती लुगड्यांचा आणि धोतरांचा. आपली गोधडी यावरच उभी आहे, आणि हातानं धावदोरा घालणार असाल तर यासारखं समाधान विकतच्या भरावात नाही. वापरून मऊ झालेल्या कापडात सुई लोण्यासारखी जाते. बारा इंचांसाठी तीन थर पुरतात. मात्र तिन्ही थरांचा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, एकाच दिशेला हवा. एक थर आडवा आणि एक तिरका गेला तर टांगल्यावर गोधडी पिळवटते, आणि शिवून झाल्यावर त्यावर इलाज नाही. काठ आणि जरीचे धागे काढून टाका. खळ राहिली असेल तर गरम पाण्यातून काढा. ओळी बोटभर अंतरानं घाला. त्याहून विरळ ठेवल्या तर थर एकमेकांवरून घसरतात आणि भिंतीवर पोट सुटतं. सिल्क किंवा सिंथेटिक साडी आत घालू नका: सिल्क सरकतं आणि सुटतं, सिंथेटिक सुईला अडतं. पूर्ण गटानं हातशिलाईच ठरवली असेल तर आमचं मत स्पष्ट आहे, विकतचा भराव घेऊच नये.

भराव कोणताही घेतला तरी टाक्यांची घनता सगळीकडे सारखी नसेल तर तो हरतो. ‘पाऊस’ हा विषय घ्या. वरच्या अर्ध्यात पाव इंच अंतरानं तिरक्या रेषा आणि खालचा अर्धा भाग मोकळा, असं अनेकजणी करतात. दाट शिवलेला भाग आकसतो, मोकळा भाग पूर्ण मापाचा राहतो, आणि खालची कड झालरीसारखी लहरते. खालच्या भागातही इंच-दीड इंचावर कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं आडव्या ओळी घातल्या की तोल येतो. लहर आलीच असेल आणि रंग पक्के असतील तर सुती भराव वाचवता येतो: पाणी शिंपडून ओलसर करा, थर्माकोलच्या पाटीवर चौकोन आखून त्यावर हातानं सारखी करा, अर्ध्या इंचावर न गंजणाऱ्या टाचण्या टोचा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. छाटणी आणि कडेची पट्टी त्यानंतरच. पॉलिस्टरवर हा उपाय फारसा चालत नाही, आणि सुती भरावाला आम्ही झुकतं माप देतो त्याचं हे मोठं कारण आहे.

मशीनसाठी ९०/१४ची सुई, ५० नंबरचा सुती दोरा आणि वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा मशीनचा पाय). थर जोडताना सेफ्टी पिना मुठीएवढ्या अंतरावर, मध्यापासून बाहेर. कडेला सव्वादोन इंच रुंद पट्टी दुहेरी घडीची, कोपरे आणि जोड धरून एकूण ५८ इंच. ४४ इंची पन्ह्यातून दोन पट्ट्या लागतात.

बांबूच्या मिश्र भरावाचा गुण म्हणजे त्याचं मऊ, लवचिक पडणं (ड्रेप); भिंतीवर त्याचा उपयोग नाही. लोकरीचा भराव उठावाच्या नक्षीला सुंदर, पण कसर लागते आणि दमट हवेत जपावा लागतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात सुती भरावालाही कुबट वास धरतो. उरलेले तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न ठेवता सुती पिशवीत ठेवा आणि उघडीप मिळाली की ऊन दाखवा. १४ इंची चौकोन कापल्यावर पॅकमधून तीन आणि चार इंची पट्ट्या उरतात. मशीनवर दोऱ्याचा ताण बघण्यासाठी त्याच वापरा, कारण दुसऱ्या भरावावर जुळवलेला ताण या जाडीवर जुळत नाही.