नेट गेलं तरी पैसे जातात: *९९# वापरून बघितलं

राजगडाच्या पायथ्याशी माझं किराणा दुकान आहे. पाऊस लागला की इंटरनेट जातं, पण फोनला एखादी कांडी रेंज राहते. *९९# ही फोनवरून बँकेचे व्यवहार करायची सेवा, तिला तेवढी पुरते. साध्या बटणाच्या फोनवर हा नंबर फिरवला की यादी येते: पैसे पाठवा, शिल्लक बघा. सगळं मराठीतही मिळतं, आणि मला याचंच सर्वांत मोल वाटतं. माझ्या सासूबाई आता स्वतः शिल्लक बघतात, कुणाच्या हातात फोन देत नाहीत.

सिमचा नंबर बँक खात्याला जोडलेला हवा. पहिल्या नोंदणीला डेबिट कार्ड जवळ ठेवा. २०२२ पासून यासाठी फोन कंपनीचं शुल्कही लागत नाही.

एका वेळी ५,००० रुपयेच जातात. आषाढात तांदळाच्या व्यापाऱ्याला ८,२०० द्यायचे होते, दोनदा पाठवले. आकडे टाकायला उशीर झाला की यादी बंद पडते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हाताऱ्या माणसांचे यात फार हाल होतात, वेळ वाढवून द्यायलाच हवा. समोरच्याचा मोबाइल नंबर आधी कागदावर लिहून घ्या, आणि पिन टाकताना फोन आडोशाला धरा.