कूलर की एसी? आधी माठाला विचारा

एप्रिल लागला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात : "आईबाबांच्या खोलीसाठी काय घेऊ, कूलर की एसी?" माझं माहेर अकोल्याचं, सासर ठाण्याचं. दोन्हीकडचे उन्हाळे अंगावर काढलेत, म्हणून लोक मला विचारतात. मी त्यांना उलट एकच विचारते : तुमच्या घरातल्या माठाचं पाणी दुपारी किती गार असतं?

अकोल्याला मे महिन्यात माठातलं पाणी दातांना लागायचं. ठाण्यात त्याच मातीचा माठ ठेवला, तर पाणी नळाच्या पाण्याहून जेमतेम बरं. हवा कोरडी असली की माठातून पाझरलेलं पाणी भराभर उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. दमट हवेत ते फारसं उडत नाही. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 0.7 युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, तीही फुकटात. पण हवेला पाणी प्यायला जागा हवी.

विदर्भात बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असेल, तर ताट्या (बाजूच्या जाळ्यांत बसवलेले, पाण्याने भिजत राहणारे गवताचे थर) चांगल्या असलेला कूलर 28-29 अंशांची हवा फेकतो. मुंबई-ठाण्यात 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असताना तोच कूलर फार तर 30 अंशांपर्यंत जातो आणि वर खोलीत आणखी ओलावा भरतो. मग घाम वाळत नाही, आणि अंगाची उष्णता बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग तोच आहे. म्हणून कोकण किनाऱ्यावर कूलर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. तिथे पंखा, समोरासमोरच्या उघड्या खिडक्या, आणि घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर एका खोलीत एसी.

किनाऱ्यावरचा पारा कमी दिसतो म्हणून धोका कमी समजू नये. 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने 14 माणसं गेली, तेव्हा तिथला पारा चाळिशीच्या आतच होता. हवामान खातंही उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी 40 अंशांची अट धरतं आणि किनाऱ्यासाठी 37 ची.

आता विदर्भ, खानदेश, मराठवाडा. इथे माझं मत कूलरकडे झुकतं आणि त्याला पैशांखेरीज आणखी एक मोठं कारण आहे. एसी 35-45 हजारांचा, कूलर 8-15 हजारांत बसतो. कूलर 200 वॅटचा धरला आणि रात्री आठ तास चालवला, तर महिन्याला 50 युनिटही होत नाहीत. दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात 200-250 युनिट खातो. 100 आणि 300 युनिटांनंतर दर चढतात, त्यामुळे एसीचं बिल नुसतं वाढत नाही, उडी मारतं. पण पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती वीज जाण्याची. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी लाइट गेली की एसीची बंद खोली तासाभरात भट्टी होते. कूलर घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर चार-पाच तास निघतो. सत्तरीच्या दोन माणसांना दुपारी एकटं ठेवून कामावर जाणाऱ्या घराने हा फरक पहिल्यांदा बघावा.

नुसत्या पंख्यावर मे काढू असं कोणी म्हणत असेल, तर 40 च्या वर पंखा गरम हवाच अंगावर मारतो. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर तर नकोच. अगदीच इलाज नसेल, तर अंगावर ओला पंचा घेऊन पंख्याखाली बसावं.

कूलरने गारवा येत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा कूलरची नसतेच. लोक एसीसारखी दारं-खिडक्या लावून बसतात. कूलर खिडकीबाहेर ठेवायला हवा आणि समोरची खिडकी किंवा दार निदान वीतभर उघडं हवं. आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर तासाभरात अंथरूण दमट होतं आणि अकोल्यातही ठाण्यासारखं चिकचिकतं. ताट्या दर हंगामाला बदलाव्यात, जुन्या ताट्यांवर क्षार बसून पाणी खाली झिरपतच नाही. पाण्याचा हिशेबही आधी करा. मोठा कूलर ऐन मेमध्ये दिवसाला शंभर लिटर सहज पितो. जिथे नळ चार-पाच दिवसांआड येतो, तिथे हे परवडणारं नाही. अशा घराला मी एसी सुचवते, विदर्भ असला तरी.

कूलरची खरी भीती मात्र करंटची आहे, आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यांत लहान मुलंही असतात. आमच्याकडे एका मेमध्ये आई अनवाणी, ओल्या ओट्यावर उभी राहून नळीने टाकी भरत होती. पत्र्याला हात लागला आणि ती झिणझिण्या येऊन मागे झाली. म्हणाली, "मुंगी चावल्यासारखं झालं." मी तेव्हाच वायरमन बोलावला. त्याने बोर्ड उघडला, तर तीन पिनांच्या सॉकेटमधल्या वरच्या पिनेला वायरच जोडलेली नव्हती. कूलर नवा, बोर्ड चकाचक, आणि अर्थिंग नावालाही नाही. पंपाची वायर जिथे पाण्यात बुडते, तिथली चिकटपट्टी सुटली होती. त्या दिवशी पायात चप्पल असती तर आम्हाला काही कळलंच नसतं, आणि पुढच्या वेळी कुणाचा हात लागला असता ते सांगता येत नाही.

म्हणून कूलर घ्यायचा ठरला तर बजेटमध्ये 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी धराच. करंट गळला की तो क्षणात वीज तोडतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. टाकी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा, मगच पाणी. पंपाची वायर पाण्यात जोडलेली नको, अखंड हवी. पत्र्याऐवजी प्लास्टिक बॉडीचा घेतला तर धोका कमी होतो, पण पाण्यातून करंट येतोच, त्यामुळे वरचं काही सुटत नाही.

दुसरा धोका डासांचा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, कडा खरखरीत ब्रशने घासून, उन्हात वाळू द्यावी. नुसतं पाणी बदलून उपयोग नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेला चिकटून बसतात आणि कित्येक महिने कोरडी राहूनही जगतात. कूलर काही दिवस बंद ठेवायचा असेल तर टाकी कोरडीच हवी.

दमेकरी घरात असेल तर पारडं फिरतं. कूलर बाहेरची धूळ आत ओढतो, आणि जुन्या ताट्यांना बुरशी धरते. त्यांच्यासाठी एसी बरा, फक्त जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. तापमान 26 वर ठेवून वर पंखा लावला तर वयस्करांना सोसतं आणि बिलही आटोक्यात राहतं. 18 वर लावून मग पांघरूण घेण्यात काही हशील नाही. 44 च्या उन्हातून आलेल्या माणसाने थेट त्या गारठ्यात शिरू नये, असं आमच्या घरी कटाक्षाने पाळतात.

पुणे-नाशिककरांना या दोन्हींचीही घाई नसावी. रात्री हवा उतरते, तेव्हा खिडक्या उघड्या आणि सकाळी नऊच्या आत पडदे ओढलेले, यावर बरंच भागतं. हवा कोरडी आहे तोवर छोटा कूलर चालतो.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच. गार खोलीत तहान जाणवत नाही, वयस्करांना तर मुळातच कमी जाणवते. बाबांच्या खाटेजवळ तांब्या-भांडं असतंच, पण आई दर दोन तासांनी ताक किंवा लिंबूपाणी हातात देते, विचारत नाही. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर किती पाणी, किती मीठ, हे उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून सणसणलं, तर कूलर-एसीचा विचार सोडून 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी घालून वारा घालत राहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आमच्या अकोल्याच्या घरी यंदाही कूलरच आहे, प्लास्टिक बॉडीचा, वाळ्याच्या ताट्यांचा. मृग लागून हवा ओलसर झाली की तो कामाचा राहत नाही. तेव्हा बाबा ताट्या काढून टाकतात, टाकी घासतात आणि गच्चीवर उलटी घालून ठेवतात.